एकाच नावाच्या दोन दुभाष्यांची हकीकत

श्रीविद्युद्देवता प्रसन्न. प्रवाह अखंड राहो, पडदा उजळ राहो, जतन केलेले जतनच राहो.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य द्वितीया, भौमवासर, ते दिवशी सकाळी साडेदहा वाजता जे घडले त्याची हकीकत ऐसी जे, एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. मुलूख म्हणजे एका गल्लीतील पहिला मजला, सहा टेबले, दोन पंखे आणि एक माठ. आणि व्यवसाय पंचांगाचा, म्हणजे येत्या साली कोणते दिवशी कोणती तिथी हे लोकांस आगाऊ सांगावे आणि लोकांनी त्याबरहुकूम उपास करावे. धनी त्रिविक्रमराव, चौथ्या पिढीचे, स्वभावे शांत, गणिताचा विषय निघाला की चष्मा पुसू लागत. राज्यात एक गड होता. गड म्हणजे खिडकीपाशी ठेविलेला संगणक. आणि मनुष्याने लिहिलेला हुकूम गडास समजत नाही, सबब गडात दुभाषी नेमावा लागतो. तो हुकूम वाचतो, गडाच्या भाषेत सांगतो, मग गड कामास लागतो. तिथिगणिताचा चार हजार ओळींचा हुकूम दिगंबरपंत आगाशे यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिला, तो ज्या दुभाष्याच्या भरवशावर लिहिला ते थोरले दुभाषी, आवृत्ती दुसरी. आणि ज्यांनी त्यांस घडविले त्यांनी त्यांस केव्हाच निवृत्त केले होते, तथापि या गडावर ते इमानाने चाकरी करीत होते. मग गुढीपाडव्यास दिगंबरपंतही निवृत्त जाहले आणि गणिताचा कारभार शर्मिष्ठाबाई वाकणकर यांजकडे आला. बाई सोळा वर्षे त्याच टेबलाशी मुद्रिते तपाशीत होत्या. पंचांगाच्या दुसऱ्या पानावर गणितकर्त्याचे नाव छापण्याची चाल आहे, तेथे चार पिढ्या पुरुषांचीच नावे आली, यंदा प्रथमच ‘गणितकर्त्या शर्मिष्ठा वाकणकर’ ऐसे जुळविले गेले. त्या पानाचे मुद्रित बाईंनी खणात ठेविले होते, आणि दिवसातून दोन वेळा खण उघडून ‘टाचणी कुठे गेली’ ऐसे पुटपुटत आणि खण लावीत. येणाऱ्या सालाचे नाव ‘पराभव’. त्रिविक्रमरावांनी श्रावणातच विचारिले होते, “ते नाव मुखपृष्ठावर जरा बारीक टाइपात नाही का घेता येणार?” बाई म्हणाल्या, “संवत्सर आहे साहेब, औषधाच्या बाटलीवरची सूचना नाही.”

ऐसे असता पानांची मांडणी देखणी व्हावी म्हणोन धन्यांनी निरंजनपंत फाटक यांस मोठ्या शहरातून आणविले. पंत हुशार, वय तिशी उलटलेले, टेबलावरील पेन्सिलही तिरपी खपत नसे. त्यांनी येताना स्वतःचे दुभाषी आणिले, ते धाकटे दुभाषी, आवृत्ती तिसरी. दोघे एका कुळीचे, दोघांचे नाव एकच, आणि बोली मात्र वेगळी. आता गडाच्या दाराशी नावाने हाक मारावी तो जो पुढे उभा असेल तो ‘जी’ म्हणून येई. तिथीचा हुकूम धाकट्यांच्या हाती पडे, ते नाक मुरडीत. पानांचा हुकूम थोरल्यांच्या हाती पडे, त्यांस त्यातील अर्धे शब्दच कळत नसत. ऐसा महिनाभर गोंधळ चालिला. मग उपरोक्त भौमवासरी, म्हणजे मंगळवारी, शर्मिष्ठाबाईंच्या घरी सासऱ्यांचे द्वितीयेचे श्राद्ध असल्याने बाई रजेवर असता, पंतांनी गडाची साफसफाई काढिली आणि थोरल्यांस गडावरून समूळ काढून टाकिले. बाई घरी पितरांस वाढीत होत्या तेच घटकेस हे जाहले. मग पंतांनी तिथीचा हुकूम धाकट्यांसमोर ठेविला. त्यांनी तक्रार केली की यात छपाईच्या आज्ञा कंसाविना लिहिल्या आहेत, आम्ही कंसाविना बोलत नाही. पंतांनी मूळ हुकुमाची एक प्रत नीट कोपऱ्यात ठेवून, तीनशे बारा ठिकाणी कंस घातले. धाकट्यांनी हुकूम घडाघडा वाचिला, एकही हरकत घेतली नाही, आणि पराभव सालच्या सर्व तिथी पूर्वीच्या निम्म्या वेळात काढून दिल्या. पंत खुशीत येऊन माठातील पाणी प्याले.

बुधवारी बाई आल्या, डबा ठेविला आणि खुर्चीत बसण्याआधीच पंत म्हणाले, “ताई, एक चांगली बातमी. म्हाताऱ्याला काढलं.” बाई म्हणाल्या, “कुठल्या?” पंत म्हणाले, “जुन्या आवृत्तीला. दोन दोन कशाला हव्यात? एका नावाचे दोघे, रोजची कटकट. आता एकच. पानंसुद्धा तयार आहेत, उद्या छापखान्यात.” बाईंनी पिशवीची चेन हळू लावली आणि विचारिले, “आजोबांना दाखवलंत?” येथे सांगणे प्राप्त आहे की या राज्याची एक रीत होती. त्रिविक्रमरावांच्या आजोबांनी शके अठराशे ऐंशी सालचे भाद्रपदाचे पान हाताने गणित करून काढिले होते, ते चौकटीत घालून भिंतीवर लाविले होते. नवे गणित छापखान्यात जाण्याआधी गडाने तेच जुने पान पुन्हा काढावे आणि भिंतीवरल्या पानाशी ओळीने ताडावे, ओळ चुकली तर काम थांबवावे. या रीतीस ‘आजोबांना दाखवणे’ ऐसे म्हणत. पंत म्हणाले, “अहो ताई, एरर एक नाही. एरर नसताना आजोबांना कशाला त्रास?” बाई म्हणाल्या, “त्यांना काय त्रास, ते भिंतीवरच असतात.” आणि हुकूम सोडिला. सव्वाअकरास पान निघाले. बाईंनी पहिल्या दोन ओळी ताडल्या, त्या जुळल्या. तिसऱ्या ओळीस भिंतीवर तृतीया आणि पडद्यावर चतुर्थी. बाईंनी बोटांवर मोजिले, तिथी अर्धा दिवस पुढे सरकल्या होत्या. पंतांनी दोनदा पाहिले, मग म्हणाले, “आजोबा चुकले असतील.” तेव्हा पलीकडे चष्मा पुसीत बसलेले त्रिविक्रमराव, जे गणितात कधी तोंड घालीत नसत, ते शांतपणे बोलिले, “फाटक, त्या पानावर लाखभर घरांत गणपती बसले होते. एकही उठून गेला नाही.”

आता संकट ऐसे की पाने गुरुवारी चारच्या ठोक्यास छापखान्यात पोचणे भाग. चार चुकले तर छापखाना दुसऱ्यांच्या दिनदर्शिका घेणार, आणि या राज्याचे पंचांग दुकानांत पोचेतो लोकांनी दुसऱ्या राज्यांची पंचांगे भिंतीस टांगिलेली असणार. आणि तशीच पाठविली तर पुढल्या साली दीड लाख घरी गणपती तृतीयेस बसावे, आणि विचारणा होता लोकांनी दुसरे पान उघडावे, तेथे एकच नाव. बाईंनी खण उघडला, या वेळेस टाचणीचे नाव घेतले नाही, आणि दिगंबरपंतांस फोन लावून तो सर्वांस ऐकू येईसा टेबलावर ठेविला. “काका, थोरला गेला.” पलीकडून आवाज आला, “कुणाचा गं?” “आपला. मशिनवरचा. निरंजनरावांनी काढला.” दिगंबरपंत म्हणाले, “पितृपक्षात? काय धीराचा माणूस आहे. बरं, तिथी किती सरकल्या?” बाई म्हणाल्या, “अर्धा दिवस. तुम्हाला कसं कळलं?” ते म्हणाले, “मला सांग, दोन हजार सव्वीसला चारने भागलं तर किती?” “पाचशे साडेसहा.” “आणि अर्ध्या दिवसाचं लीप वर्ष तू कुठे पाहिलंस? मला पाचशे सहाच हवे होते. थोरल्याला पूर्णांकांचा भागाकार दिला की उरलेला अर्धा तो निमूट गिळायचा. मी त्याच्या त्या खोडीवरच सगळं लिहिलं. धाकटा प्रामाणिक आहे, तो अर्धा ठेवतो आणि तुमच्या हातात देतो. प्रामाणिक माणूस जुन्या कारभारात आणला की असं होतं.” निरंजनपंत मान वाकवून ऐकत होते, ते म्हणाले, “काका, मग मी सगळे भागाकार सुधारतो की.” “सुधार की. एकशे चाळीस आहेत. काही ठिकाणी मला अर्धा खरंच हवाय. कुठे हवाय आणि कुठे नको, ते मला आठवायला दिवाळी उजाडेल.” मग बाईंनी विचारिले की थोरल्यांस परत आणावे तर कोणत्या, दुसऱ्या आवृत्तीतही पोटआवृत्त्या पुष्कळ. दिगंबरपंत म्हणाले, “खोक्याच्या पोटाखाली बघ.” दोघांनी मिळून गड आडवा केला. खाली सहा दसऱ्यांच्या पूजेचे ओघळलेले कुंकू, आणि त्यात चिकटविलेली चिठ्ठी: ‘दोन-सात-अठरा. काढू नये.’ पंत म्हणाले, “हे खाली का लिहिलंय?” दिगंबरपंत फोनवरून म्हणाले, “वर लिहिलं असतं तर पुसायला आलेल्यांनी पुसलं असतं.”

बाईंनी विचार केला की थोरल्यांस नुसते परत आणिले तर पुन्हा दाराशी धक्काबुक्की, पुन्हा कोणा टापटिपीच्या माणसाचे साफसफाईचे मन. तेव्हा दाराशी चोपदार नेमावा. ऐसे चोपदार अन्य गडांवर पुष्कळ आहेत, ही एक लहान आज्ञावलीच असते. त्याचे काम इतके की जुना नवा कोणताही दुभाषी सांगाल तो आणावा, प्रत्येकास वेगळी खोली द्यावी, भांडीकुंडी एकमेकांत मिसळू देऊ नयेत. आणि गडातील ज्या दालनातून हाक येईल त्या दालनाच्या उंबऱ्यावरची एका ओळीची चिठ्ठी वाचून तीत जो लिहिला असेल त्यासच आत पाठवावे. गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी चोपदार नेमिला, त्याने थोरल्यांस दूरच्या भांडारातून आणिले, त्यात दोन घटका गेल्या. मग तिथीच्या दालनात चिठ्ठी ठेविली ‘दोन-सात-अठरा’, पानांच्या दालनात ‘तीन-बारा’. मूळ हुकूम पंतांनी कोपऱ्यातील प्रतीवरून पूर्ववत केला. मग बाईंनी हाक मारिली, आणि पुन्हा धाकटेच आले. पुन्हा मारिली, पुन्हा धाकटेच. दोन वाजले. त्रिविक्रमराव येरझारा घालू लागले, छापखान्याचा फोन आला, त्यांनी “निघालीच आहेत” ऐसे सांगितले, जे सत्य नव्हते. बाईंनी चिठ्ठी तीन वेळा वाचिली, चोपदाराची नेमणूक दोन वेळा केली, उपाय चालेना. मग खुर्ची मागे सारून म्हणाल्या, “निरंजनराव, तुम्ही बघा. तुम्हाला तिरपं काही असलं की दिसतं.” पंत पडद्यासमोर वाकले. दाराशी कोणी कोणत्या क्रमाने उभे राहावे याची एक यादी गडात असते, ती त्यांनी उघडिली आणि हळूच हसले. “ताई, चोपदार रांगेत सातवा उभाय. धाकटा पहिला. हाक चोपदारापर्यंत पोचतच नाही.” बाई म्हणाल्या, “धाकट्याला पहिला कुणी उभा केला?” पंत म्हणाले, “मी. तो नवीन होता, म्हटलं पुढे उभा राहू दे.” मग चोपदारास यादीत सर्वांवर घेतले, आणि बाईंनी हाक मारिली. थोरले आले.

तीन वाजून दहा मिनिटांस आजोबांना दाखविण्यास आरंभ जाहला. पंत भिंतीपाशी स्टुलावर उभे राहून मोठ्याने वाचीत, बाई पडद्यावर बोट ठेवीत. “प्रतिपदा.” “प्रतिपदा.” “द्वितीया.” “द्वितीया.” तिसऱ्या ओळीस पंत थांबले, घसा साफ केला, “तृतीया.” बाई म्हणाल्या, “तृतीया. पुढे.” ऐसे अमावास्येपर्यंत जुळले, एकही ओळ हलली नाही. मग पराभव सालचे गणित थोरल्यांनी केले, पाने धाकट्यांनी लाविली, एकाने दुसऱ्याचे तोंडही पाहिले नाही, आणि तीन वाजून बावन्न मिनिटांस सर्व पाने छापखान्यात पोचली. त्रिविक्रमरावांनी फोन करून “पोचली का?” विचारिले, यावेळी उत्तर खरे होते. मग पंत म्हणाले, “ताई, दुसऱ्या पानावर तुमच्या नावाखाली थोरल्याचंही टाकायला हवं होतं.” बाई म्हणाल्या, “कशाला? चुकलं असतं तर तो थोडाच आला असता उत्तरं द्यायला.” आणि खण उघडून आतील मुद्रित काढिले, घडी करून पर्समध्ये ठेविले, खणात टाचण्या खरोखरच होत्या, हे पंतांस त्या दिवशी दिसले.

दसऱ्यास गडाची पूजा जाहली, आणि पोटाखालील चिठ्ठी काढून तिच्या जागी नवी चिठ्ठी दर्शनी बाजूस लाविली. अक्षर निरंजनपंतांचे, ओळ सरळ: ‘थोरले दोन-सात-अठरा, धाकटे तीन-बारा. दोघेही काढू नयेत.’ खाली आणखी एक ओळ: ‘आजोबांना दाखविल्यावाचून काही बाहेर जाणार नाही.’ ती चिठ्ठी लागून आठवडा होतो न होतो तोच आश्विनात, दर सालच्या वहिवाटीप्रमाणे, त्याच कुळीचा आणखी एक नवा दुभाषी जगात आला. पंतांचे डोळे चमकले. बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “नाव काय त्याचं?” पंत म्हणाले, “तेच.” बाई म्हणाल्या, “मग एक दालन रिकामं आहे. चिठ्ठी लिहा, चोपदाराला सांगा, आणि कुणाला उठवू नका.”

एकूण दुभाषी तीन, नाव एक, चोपदार एक, अर्धा दिवस थोरल्यांच्या पोटात सुखरूप. पराभवनाम संवत्सराचे पंचांग बाहेर पडले, सालाचे नाव धन्यांच्या इच्छेप्रमाणे बारीक टाइपात, गणितकर्त्यांचे नाव नेहमीच्या टाइपात, आणि चतुर्थी चतुर्थीसच. ज्यांस शंका असेल त्यांनी भिंतीवरील पानाशी ताडून घ्यावे. हकीकत पुरी.