लपण, लेन्स आणि वॉशिंग मशीन

तुम्हाला म्हणून सांगते, मी काळजी करत बसणाऱ्यांतली आई नाही. अजिबात नाही! माझा नवरा धम्मदीप, आमच्या लेकीची, मैत्रीची, डॉक्टर आणि प्लेस्कूलच्या मॅडम सोडल्या तर असं कुणीही म्हणत नाही.

म्हणूनच आमच्या सोसायटीतल्या पक्षीवेड्या भाऊसाहेबांनी विचारलं, "समता, घरी तीन वर्षांची पोर आहे. फोन बंद करून पक्ष्यासाठी लपणात बसणं जमेल?" तेव्हा मी ताडकन म्हटलं, "बिल्कुल, काका! एकदा कॅमेरा डोळ्याला लावला की मला पक्ष्याशिवाय काही दिसत नाही!"

पक्षी म्हणजे राखी धनेश. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीसमोरच्या पार्कात, एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. बसली म्हणजे काय, ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेतलं होतं तिनं! बाहेर फक्त चोचीपुरती फट. नवऱ्यानं फळं आणायची, हिनं आतून खायची. पिल्लं जरा मोठी झाली की ती भिंत फोडून बाहेर येते. वर्षातून एकदाच! तो क्षण भाऊसाहेबांना तीन उन्हाळे हुलकावणी देत होता. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी आपली लाडकी लांबलचक लेन्स माझ्या हवाली केली. कॉलेजात फोटोग्राफीत मला बक्षीस मिळालं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मीच सांगितलं होतं. बऱ्याचदा.

रविवारी सकाळी लेन्सला धूळ लागू नये म्हणून मी ती मैत्रीच्या जुन्या पिवळ्या दुपट्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि लिफ्टमध्ये शिरले. आत पाचव्या मजल्यावरच्या आंटी होत्या. त्यांनी दुपट्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे! दूसरा कब हुआ? बताया भी नहीं!"

मी काही बोलायच्या आत लिफ्ट खाली पोचली.

लपण म्हणजे हिरवी जाळी, वर पाला आणि आत दोन स्टुलं. बाहेरून झुडूप, आतून तंदूर! मी कॅमेरा स्टँडवर चढवला आणि दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असा लावून ठेवला. न जाणो, ऐन वेळी शिंक आली तर! डोक्यावरून विमानं जात होती, भाऊसाहेब दुर्बीण लावून पुतळ्यासारखे बसले होते. ते केंद्र सरकारातून निवृत्त झाले, पण त्यांची भाषा अजून ऑफिसातच कामाला जाते.

तेवढ्यात नर आला. त्यानं फटीतून अलगद एक फळ आत दिलं.

"बघा काका, किती जबाबदार नवरा!" मी कुजबुजले.

"संभाषण स्थगित ठेव."

पण माझं मन घरी पोचलं होतं. माझा नवरा काय भरवत असेल? आमची तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी झाडाच्या जरा डावीकडेच दिसते. मी लेन्स वळवली. जराशीच! तर बाल्कनी इतकी जवळ आली की हात घालून कुंडीतला कढीपत्ता तोडावा. आणि समोर मैत्री. डोक्यावर टोपी नाही, तोंडात द्राक्ष. अख्खं! चार तुकडे करून द्यायचे म्हणून बजावून आले होते!

"काही हालचाल?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"गिळलं," मी म्हटलं.

मी नुसता घाम पुसला आणि पुन्हा पाहिलं, तर मैत्री गायब! बाल्कनीत एकटा धम्मदीप. तो सैरावैरा फिरत होता. त्यानं कुंड्यांमागे पाहिलं. बादली उचलून पाहिली. मग वॉशिंग मशीनचं दार उघडलं आणि खांद्यापर्यंत आत घुसला!

तुम्हीच सांगा, माणूस वॉशिंग मशीनमध्ये मूल कधी शोधतो? बाकी सगळीकडे शोधून झाल्यावरच ना!

मी उठले. माझ्याबरोबर अख्खं लपण उठलं.

"समता! स्थानापन्न हो!"

"काका, मैत्री हरवली!"

भाऊसाहेबांनी दुर्बीण तिथंच टाकली आणि माझ्यामागे धावले. झाडाकडे वळूनही न बघता!

गेटवरच्या गार्डला दिसलं ते असं : एक झुडूप किंचाळत अंगावर येतंय. त्यानं लाठी उगारली.

"रुको! कौन है?"

"भैया, मैं बी ब्लॉकवाली! मेरी बच्ची खो गई!"

शिट्टी वाजली, गेट बंद झालं, दूधवाला आत अडकला, गाड्या बाहेर. सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली. त्यात आंटी धावत आल्या, "हाय राम! वही पीले कपड़े वाला? सुबह तो गोद में था!"

आता एक नाही, दोन मुलं हरवली होती!

मी जिन्यानं वर पळाले. धम्मदीपनं दार उघडलं, माझ्या डोक्यावरच्या पाल्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! लपाछपी चाललीय. ती कुठे आहे ते मला माहितीय, पण सापडत नाही असं दाखवतोय."

बाल्कनीच्या दाराच्या पडद्याखाली दोन इवलेसे पाय होते. मी पडदा ओढला.

"मम्मी, चीटिंग!" मैत्री ओरडली. "पप्पांचा टर्न होता!"

मागून भाऊसाहेब धापा टाकत आले. मैत्रीला पाहिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मटकन खुर्चीत बसले. मग आम्ही सगळ्यांनी पार्काकडे पाहिलं. ढोलीचं तोंड उघडं होतं. भिंत फुटली होती.

"निकाली निघालं प्रकरण," भाऊसाहेब हळूच म्हणाले. मला रडू यायला लागलं.

आणि एकदम आठवलं. कॅमेरा! तो तर चालूच आहे!

धावत खाली गेलो. कॅमेरा इमानेइतबारे फोटो काढत होता. आमच्या बाल्कनीचे! प्रत्येक फोटोत धम्मदीपची चौकड्याची चड्डी, त्याचं मशीनमध्ये गेलेलं डोकं आणि मागे पडद्याखाली ते दोन पाय. कॅमेऱ्याला दिसले, आईला नाहीत! पुढच्या फोटोत मात्र बाल्कनीच्या कठड्यावर काहीतरी बसलं होतं. राखाडी. लांब चोच. चुरगळलेलं शेपूट.

धनेशाची मादी! भिंत फोडून थेट आमच्या घरी! पण फोकस चड्डीवर होता. चड्डीचा धागा न् धागा मोजता येत होता, आणि पक्षी म्हणजे नुसता धुराचा लोट.

"अरे, तुझ्या पाठीमागे येऊन बसली होती!" घरी आल्यावर मी धम्मदीपवर ओरडले.

"मी मशीनमध्ये होतो, यार!"

"मी पडद्याच्या फटीतून बघितलं ना," मैत्री म्हणाली. "ती माझ्याकडे बघत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच बोलतेस ना, बर्ड आला की चुप बसायचं. हिलायचं पण नाही."

भाऊसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग तिच्यासमोर खाली बसले. "डोळे कसे होते गं तिचे? सगळं सांग." आणि तिनं हातवारे करत सगळं सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. "पुढच्या उन्हाळ्यात लपणातली जागा मैत्रीला मंजूर. तुझा अर्ज फेटाळला."

त्यांची लेन्स परत करायला मी ती पुन्हा दुपट्यात गुंडाळून खाली उतरले. गेटवर जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मिल गया! मिल गया!" आंटींनी लेन्सवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मी मान खाली घालून "थँक यू" म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

भाऊसाहेबांनी तो फोटो मोठा करून आपल्या हॉलमध्ये लावलाय. खाली सुबक अक्षरांत लिहिलंय : 'राखी धनेश, मादी.' येणारे पाहुणे फोटो बघतात, नाव वाचतात, पुन्हा फोटो बघतात. आणि धम्मदीपनं आता त्यांच्याकडे चहाला जाणं बंद केलंय.