मोडलेला हात कोणता?

एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञ बाईंनी सकाळीच जाहीर करून टाकलं की आता पोरांचे उठसूट एक्स-रे काढायला नकोत! त्यांच्याकडे उष्णतेचा कॅमेरा आला होता. हाड मोडलं की वरची कातडी तापते, आणि तापलेलं पडद्यावर लाल दिसतं, गार ते निळं. मोठ्या डॉक्टरांना मात्र ते खेळणं वाटायचं. आज करून दाखवा, नाहीतर कपाटात ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. दोन वर्षं खेटे घालून मिळवलेला कॅमेरा!

पहिलीच आली ती झोपाळ्यावरून पडलेली सात वर्षांची मुलगी, डावं मनगट धरून मुसमुसत. बाई मनाने हळव्या. त्यांनी चटकन मनगटावर बर्फाची पिशवी ठेवली आणि तिच्या बाबांना दुसरा हात घट्ट धरायला सांगितला. बाबांनी तो असा धरला, जणू पोरगी पळूनच जाणार होती.

डॉक्टर आले. बर्फ काढला, बाबांनी हात सोडला, बाईंनी ऐटीत कॅमेरा रोखला. डावं मनगट निळंशार, उजवा हात लालभडक!

"उजवा मोडलाय," बाई म्हणाल्या. "दुखतं एकीकडे, असतं भलतीकडे. होतं असं कधीकधी."

बाबांनाही म्हणे तसंच वाटत होतं. त्यांनी रुमाल काढून चांगला हात गळ्यात बांधायला घेतला.

"पण दुखतोय हा," मुलगी डावा हात दाखवत म्हणाली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही हातांचे एक्स-रे काढायला लावले. उजवा ठणठणीत, डाव्या मनगटाला बारीकशी चीर. एक वाचवायच्या नादात दोन काढावे लागले, असं म्हणत त्यांनी कपाटाची किल्ली मागितली.

बाईंना रडूच कोसळणार होतं. तेवढ्यात टेबलावरची ठिबकणारी पिशवी त्यांना दिसली. मग बाबांचे घामेजलेले तळवे दिसले, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळा घोळ त्यांनी स्वतःच घातला होता.

"पंधरा मिनिटं द्या मला," त्या म्हणाल्या. "आणि कुणी कुणाला हात लावायचा नाही."

मुलीचे दोन्ही हात उशीवर ठेवले. बाबांना स्वतःच्या हातांवर बसवलं. पंधरा मिनिटांनी उजवा हात निवला होता, आणि डाव्या मनगटावर, चीर होती नेमक्या तिथेच, लाल ठिपका उमटला होता. डॉक्टरांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. महिनाभर एक्स-रेच्या जोडीने हाही वापरून बघू म्हणाले.

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्या मुलीपुढे वाकल्या. "बघ, कळलं की नाही कॅमेऱ्याला, कुठे मोडलंय ते?"

"कळलं," मुलगी समजूतदारपणे म्हणाली. "पण मी केव्हाची तेच सांगतेय."