टाय टिकाऊ करण्याची माझी पद्धत

टाय ही वस्तू मुळातच चुकीची शिवली जाते आणि तिची रचना सुधारणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं माझं ठाम मत होतं. तो माणूस जन्मून बेचाळीस वर्षं झाली आहेत आणि तो मीच आहे, हे एका रविवारी दुपारी माझ्या लक्षात आलं.

माझा फोटो स्टुडिओ आहे. अर्जाचे, परीक्षेचे, ओळखपत्राचे फोटो काढतो. पडद्याशेजारी एका खिळ्याला काळा कोट, दुसऱ्याला निळा टाय आणि तिसऱ्याला कंगवा बांधलेला. आमच्या रस्त्यावरची माणसं टाय घालायला माझ्याकडेच येतात. त्यामुळे तो एकच टाय नऊ वर्षं रोज दहा-बारा गळ्यांत पडत होता. गाठ मी एकदाच बांधली होती. गिऱ्हाईक ती सैल करून डोक्यातून घालायचं, वर ओढायचं, फोटो झाला की पुन्हा सैल करून खिळ्याला लावायचं. शनिवारी व्यायामशाळेच्या मास्तरांनी ती अशी ओढली की टायची मागची शिवण उसवली.

उसवलेला टाय मी टेबलावर उताणा घातला, तेव्हा आतली लबाडी दिसली. एवढ्या लांब शिवणीला एकच दोरा, तोही सैल. शेपटाकडे तर त्याचा बोटभर फासा नुसताच लोंबत सोडलेला. आतलं अस्तर तिरपं कापलेलं.

"शुद्ध कामचुकारपणा," मी बायकोला म्हणालो.

बायको शिवणकाम करते. स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिचं मशीन आहे. ओठांत टाचण्या धरूनच ती म्हणाली, "तो दोरा मुद्दाम..."

"मुद्दामच. दोरा वाचवायला."

"अहो, अस्तर तिरपं का कापतात माहीत आहे का?"

"कापणारा घाईत असतो."

तिने टाचण्या ओठांतून काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ओठांत धरल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण हा इशारा मला अजून वेळेवर कळत नाही.

मी टाय घेऊन कोपऱ्यावरच्या बॅगवाल्या काकांकडे गेलो. सुटकेसच्या मुठी, दप्तरांचे पट्टे, सोफ्याची कव्हरं, काका काहीही शिवतात.

"टाय मी कधी शिवला नाही," काका म्हणाले.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. आत बॅगेचं जाड कॅनव्हास घाला. सरळ कापलेलं. दोरा नायलॉनचा, शिवण दुहेरी. सैल दोरा कुठेही दिसता कामा नये."

"शेवटी थोडा सोडावा लागतो. उद्या उसवायचा झाला तर..."

"काका, तो उसवायचाच नाही."

काकांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे मला सोमवारी दुपारी टाय हातात आल्यावर कळलं. काम उत्तम झालं होतं. टाय भिंतीला टेकवला तर उभा राहत होता. पण शेपटाशी काकांनी सवयीने एक दोरा सोडलाच होता. मी कात्रीने तो मुळापासून कापला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेवढ्या कामाचाही मला अभिमान वाटला.

गाठ बांधायला वीस मिनिटं लागली. मग प्रामाणिक संशोधकाप्रमाणे पहिला प्रयोग मी स्वतःच्या गळ्यावर केला. डोक्यातून टाय घातला आणि गाठ वर ओढली. दुहेरी शिवणीचे उंचवटे कर्रकर्र करत एकेक गाठीतून पुढे गेले. आरशात पाहिलं. इतका ताठ टाय मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग मी गाठ खाली ओढली. ती आली नाही.

दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा ती आणखी अर्धं बोट वर गेली. गाठ वर जाताना एकेक उंचवटा तिच्यातून सरळ जात होता आणि परतताना गाठीत अडकत होता. वायरींचे जुडगे बांधायची ती प्लास्टिकची पट्टी असते ना, तसंच. मी खोबरेल तेल लावलं. मग साबण लावला. त्याने गळा तेवढा स्वच्छ झाला.

नेमका तेव्हाच मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, हॉटेलात टेबलं सांभाळतो. दोनदा अर्ज करून हुकलेला. त्याला जहाजावर काम करायचं होतं आणि अर्जाची खिडकी पाचला बंद होणार होती. वयाची अट तिशीच्या आतली आणि गुरुवारी तो तीस वर्षांचा होणार होता. हॉटेलमालकाची सही उशिरा मिळाली होती, त्यामुळे फोटो तेवढा राहिला होता.

"भाऊजी, टाय द्या लवकर. तीन वाजलेत."

"संगणकावर चढवू या," मी म्हणालो. आवाज फार बारीक आला.

"नाही चालत. इथे लिहिलंय बघा. संगणकावर चढवलेला टाय असेल तर अर्ज बाद." मग त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. "हा निघत नाही का?"

सोमवार असल्यामुळे कपड्यांची सगळी दुकानं बंद होती. मेहुणा नुसता स्टुलावर बसला आणि घड्याळाकडे बघत राहिला. चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची खरंच लाज वाटली.

बायकोने तिची मोठी कात्री आणली. कॅनव्हासवर कात्री घसरली. तिने हाक मारल्यावर काका पाती घेऊन आले.

"कापतो," काका म्हणाले, "पण मग टाय संपला."

"कापा," मी म्हणालो.

"थांबा. आधी फोटो," बायको म्हणाली.

"अगं, मी गुदमरतोय."

तिने माझ्या कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं. "बोट जातंय. पाचपर्यंत पुरेल." मग टायचं लोंबतं रुंद टोक हातात घेऊन भावाला विचारलं, "बो चालेल का रे?"

त्याने अर्ज पुन्हा वाचला. "टाय किंवा बो."

"अहो, खाली बसा. त्याच्याकडे तोंड करून."

मी स्टुलासमोर फरशीवर बसलो. बायकोने मेहुण्याच्या शर्टाचं खालचं एक बटण काढलं, माझ्या टायचं टोक आत सारलं आणि कॉलरपाशी बाहेर काढलं. तिथे त्याची बोसारखी घडी घालून ओठांतल्या दोन टाचण्या लावल्या. चार बोटं कमी पडत होती म्हणून मला वर सरकवण्यात आलं. मग माझे केस चौकटीत येऊ लागले, म्हणून काकांनी माझं डोकं मेहुण्याच्या पोटात दाबून धरलं.

"हसू नकोस," बायको कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"हसत नाहीये ताई. भाऊजींचा श्वास पोटाला लागतोय."

"अहो, श्वास जरा कमी घ्या."

"दिवा डावीकडे," मी पोटातून म्हणालो. इतक्या वर्षांची सवय.

"तुम्ही बोलू नका. बो हलतो."

एक बाई मुलीला घेऊन दारात आल्या. त्यांनी चौघांकडे नीट पाहिलं, "नंतर येतो" म्हणाल्या आणि मुलीचे डोळे झाकून निघून गेल्या. त्या अजून आलेल्या नाहीत.

फोटो सुरेख आला. जाड कॅनव्हासमुळे बो नुकता इस्त्री केल्यासारखा उभा होता. सव्वाचारला फोटो चिकटवून मेहुणा स्कूटरवर निघाला आणि काकांनी पातं उघडलं. टाय कापायला पंधरा मिनिटं आणि दोन पाती लागली.

"शिवण चांगली झाली होती," काका तुकडे बघत म्हणाले. "साखळी टाका घातला होता. शेवटचा दोरा ओढला असता तर सगळी एका दमात उसवली असती आणि गाठ सुटली असती. मी सोडला होता की तो. गेला कुठे?"

माझी नजर कोपऱ्यात गेली. बायकोने कचऱ्याच्या डब्यात पाहिलं.

"जुन्यातही सोडलेला होता," ती म्हणाली. "गळ्याशी ताण आला की तो दोरा थोडा पुरवतो. तिरपं अस्तर थोडं पुरवतं. नऊ वर्षं तो टाय त्या सैलपणावरच टिकला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

तिने टाचण्या ओठांत धरल्या आणि मशीनवर जाऊन बसली.

मेहुण्याचा अर्ज चार पंचावन्नला आत गेला आणि त्याची निवड झाली. सहा महिन्यांनी त्याने पहिल्या पगारातून स्टुडिओसाठी एक नवा निळा टाय पाठवला. टाय उलटून पाहिला तर शेपटाशी सैल दोऱ्याचा फासा होता आणि त्याला एक चिठ्ठी बांधली होती: "भाऊजी, हा असाच असतो."

टाय आता मागच्या खोलीतल्या कपाटात असतो. गिऱ्हाईक आलं की बायको काढून देते. किल्ली तिच्याकडे आहे.