लिंबाजी मिस्त्रींचं अडीच टोपण

लिंबाजी मिस्त्री पेट्रोलच्या डब्यात करंगळी बुडवायचे, ती अंगठ्यावर घासायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा तीर्थ घेतोय. मग डोळे उघडून निकाल लागायचा, "पातळ हाय." नाहीतर, "कुठल्या गाढवानं एवढं ऑइल वतलंय बे ह्याच्यात?" ते गाढव बहुतेक वेळा समोरच उभं असायचं.

पाली फाट्यावर त्यांचं गॅरेज. चार पत्रे, एक बाकडं आणि दारात ओळीनं उभ्या जुन्यापुराण्या लुना. असल्या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजावं लागतं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर नुसता धूर. मिस्त्रींचं माप ठरलेलं होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण घ्यायचं, लिटरला अडीच. तीन नाही, दोन नाही. एकदा मी सहज म्हणालो, "मिस्त्री, अर्ध्या टोपणानं काय आभाळ कोसळणारे?" तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीत सेक्रेटरी म्हणून नवीनच लागलो होतो. दुपारी कामं उरकली की मी मिस्त्रींच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. माणूस एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आलेल्या माणसाला शिव्या द्यायचे, पण उठू द्यायचे नाहीत.

त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला आणि आमच्या चेअरमन अण्णांच्या डोक्यात पर्यटन शिरलं. शहरातले लोक तलावावर येणार, फेऱ्या मारणार, सोसायटीचं नाव होणार! त्यासाठी अण्णांनी गोव्याहून एक जुनी वॉटर स्कूटर आणली. पाण्यावर पळणारी, भडक पिवळी. टेम्पोतून उतरवली तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं.

मिस्त्रींनी तिचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. इंजिन टू-स्ट्रोकच होतं, पण ऑइलची टाकी वेगळी. एक छोटा पंप त्यातलं ऑइल उचलून आपल्या मनानं पेट्रोलबरोबर इंजिनात सोडायचा. मिसळायची भानगडच नाही.

"ह्यो पंप काढून टाका," मिस्त्री म्हणाले. "एवढी म्हातारी मशीन. पंप कवा बंद पडंल, सांगता येतंय व्हय? पाण्याच्या मधी जाम झाली मंग?"

"कंपनीनं दिलाय तो काय शोभेला?" अण्णा भडकले. "हात लावायचा नाही त्याला!"

"कंपनी येनारे का तळ्यात वडायला?"

महिनाभर ही जुंपली होती. चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या, पंपवाले आणि टोपणवाले. शेवटी मिस्त्री "बरं" म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यांनी पंप तसाच ठेवला, ऑइलची टाकी मात्र कोरडी ठेवली आणि गुपचूप पेट्रोलमध्ये अडीच टोपणांचा हिशोब सुरू केला. एका दुपारी बाकड्यावरून मी ते बघितलं, म्हणून फक्त मला ठाऊक होतं.

उद्घाटनाला तालुक्याचे एक साहेब येणार होते. त्या दिवशी सकाळी अण्णांनी झाकण उघडलं आणि कोरडी टाकी बघून माझ्यावर खेकसले, "सेक्रेटरी, झोपा काढता का? मशीन जाम झाली तर नोकरीवर पाणी सोडा!" माझ्या घरी महिन्याचं बाळ. माझी तंतरली. धावत जाऊन ऑइलचा डबा आणला आणि टाकी गच्च भरली.

पेट्रोलमध्ये आधीच ऑइल आहे, हे माहीत नव्हतं का? होतं की! पण मला वाटलं, जास्त झालं म्हणून बिघडतंय कुठं? आमच्याकडं भाजीवर तर्री जितकी जास्त तितका पाहुणा खूष. मिस्त्रींना सांगायचं ठरवलं होतं, पण मंडप, हार, खुर्च्या यात राहूनच गेलं.

नारळ फुटला. पुढं आमचा गणपत चालवायला, मागं पांढऱ्या कपड्यातले साहेब. पहिल्या झटक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग धूर निघाला. डास मारायला नगरपालिकेची गाडी फिरते ना, अगदी तसा. आधी साहेब दिसेनासे झाले, मग गणपत. धुरातून फक्त खोकला ऐकू येत होता. मधोमध पोचल्यावर इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झालं.

मग आमच्या पोरांनी मासे धरायचे थर्माकोलचे तराफे काढले. साहेब मांडी घालून तराफ्यावर बसले आणि तसेच काठाला लागले. निघताना चहासुद्धा घेतला नाही.

"मिस्त्री!" अण्णा सगळ्यांसमोर ओरडले. "टाकी कोरडी का होती ते आता कळलं! तुमच्या त्या टोपणानं आमचं नाक कापलं!"

मिस्त्री काठाला ओढून आणलेल्या मशीनवर वाकले. त्यांनी प्लग काढला. काळा, ऑइलनं थबथबलेला. नाकाशी नेला. मग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी तळ्याकडं बघायला लागलो.

"माप चुकलं," मिस्त्री म्हणाले. पान्यांची पेटी उचलली आणि गेले.

मी बोललो नाही. नोकरी, बाळ, अण्णांचा राग, सगळी कारणं माझ्यापाशी तयार होती. पण त्या दिवसापासून मशीनला हात लावायला मिस्त्रींना बंदी झाली आणि टपरीवर पोरंटोरं त्यांना "अडीच टोपण" म्हणून हाका मारायला लागली. मी फाट्यावरनं जायचं टाळू लागलो. लांबचा फेरा घालायचो.

पुढच्या साली पाऊस फिरकला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तलावाची भेगाळलेली जमीन झाली, तिथं शेळ्या फिरू लागल्या. मासेच नाहीत म्हटल्यावर निम्मी सोसायटी ऊसतोडीला गेली. पिवळी मशीन बाभळीखाली पडून राहिली, तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

शेवटी ती भंगारात काढायची म्हणून सभा बोलावली. मशीन जाणार हे ऐकून मिस्त्रीही आले होते. सभासद नव्हते म्हणून दाराशीच उभे राहिले. अण्णांनी त्यांना बघितलं आणि सुरू झाले, "दुष्काळ आत्ता आला. मशीनचं वाटोळं त्याच्या आधीच एका शहाण्यानं केलं होतं." लोक हसले.

मला काय झालं कोण जाणे. मी उठलो. "मिस्त्रींनी नाही, मी केलं. पेट्रोलमध्ये ऑइल होतं हे मला माहीत होतं. तरी मी टाकी भरली. मिस्त्रींचं माप बरोबर होतं."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. अण्णांचा चेहरा लाल व्हायला लागला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "खोटं बोलतंय बेनं! बसवा त्याला खाली!"

मिस्त्री आत आले. "ह्यानं निस्ता डबा आनला, टाकी मी भरली. पेट्रोलमधी आधीच ऑइल हाय, ते मीच इसरलो. म्हातारा झालो, चुकलं. ह्याला माजा पुळका आलाय म्हून काय बी सांगतंय. बस खाली बे!"

अर्ध्या टोपणासाठी दोन दिवस अबोला धरणारा हा माणूस भरसभेत छातीठोक सांगत होता की आपलंच माप चुकलं. अण्णांनी सुस्कारा सोडला आणि पुढचा विषय घेतला.

सभा संपल्यावर मी त्यांना रस्त्यात गाठलं. "मिस्त्री, असं का केलं? दोन वर्षांनी माझी जीभ उचलली होती!"

"तू बोल्लास. मी ऐकलं. बास झालं. त्यांनी ऐकून काय लोनचं घालायचंय? घरी लेकरू हाय तुझ्या."

"पण लोक तुम्हाला नावं ठेवतात, हसतात..."

"हसू दे की. लुना दुरुस्तीला माझ्याकडंच आनत्यात." ते चालत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू यायचा बंद झालास, ते लई वंगाळ वाटलं. दुपारी चा ठिवतो तर हात आपसूक दोन कप मांडतोय. दोन साल झाले, एक कप बाहेर वतून टाकतो मी."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कसाबसा म्हणालो, "उद्या येतो. नक्की येतो."

"उद्या कशाला?" मिस्त्री म्हणाले. "चल, आत्ताच ठिवतो."