गेनूआप्पांच्या चार अंघोळी

गेनूआप्पा पाणीपट्टीच्या ऑफिसात शिरले तेव्हा त्यांच्या गळ्यात सायकलची ट्यूब होती आणि ती टम्म फुगलेली होती. खिडकीपुढे रांग होती, तरी लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. गळ्यात फुगलेली ट्यूब घालून आलेल्या माणसाला अडवायचं कसं, हे कुणाला सुचलं नसावं.

आप्पांनी ट्यूब काढून खिडकीच्या फळीवर ठेवली.

"हे काय, आप्पा?" क्लार्कने विचारलं.

"तुमची हवा. मोजून घ्या आन् बिलातनं वजा करा."

पाणी यायच्या आधी नळातून हवा येते आणि त्या हवेनंच मीटर फिरतं, असं आप्पांचं म्हणणं होतं. ती हवा त्यांनी नळाला ट्यूब लावून पकडून आणली होती. "सातला पाणी येतंय. त्याच्या आदी पाव तास नळ नुसता घोरतोय. त्या घोरण्याचं बिल मी भरू व्हय?"

"हवा परत घ्यायचा फॉर्म न्हाई आमच्याकडं."

"मग हवेचं बिल करायचा फॉर्म कुठनं आणला?"

रांग खो खो हसली. आप्पांचा साक्षीदार म्हणून मी मागे उभा होतो. मी हसलो नाही. जमीन बघत होतो.

शेवटी क्लार्क म्हणाला, "हे बघा, उत्पन्न कमी असंल तर सवलत मिळती. अर्ज करा, तलाठ्याचा दाखला जोडा. न्हाईतर महिनाअखेर नळ तुटंल."

नळ तुटेल म्हटल्यावर आप्पांच्या तोंडची हवा पहिल्यांदाच गेलेली मी पाहिली.

आप्पा आमचे शेजारी. दोन घरांत मिळून एकच बुटकी भिंत. शिरूरच्या एस.टी. स्टँडजवळ कडुनिंबाखाली त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पंप, एक पेटी आणि पाण्याचं घमेलं. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा निघेल तिथं भोक. जगातल्या कुठल्याही अडचणीला आप्पांकडे हाच इलाज होता. मी इंग्रजीत नापास झालो तेव्हा ते म्हणाले, "रडतो कशाला? बुडबुडा कुठनं निघतोय ते बघ." गल्लीत एका नवरा-बायकोचं भांडण पेटलं तेव्हा लोक आप्पांना समजूत घालायला घेऊन गेले. आप्पा म्हणाले, "दोघांस्नी पाण्यात बुडवा. दिसंल."

पाण्याशी स्वतः आप्पांचा संबंध मात्र घमेल्यापुरताच. ते अंघोळ दुकान बंद असेल त्या दिवशी करत, आणि दुकान कधी बंद नसे. गल्लीतल्या बायका म्हणत, आप्पांच्या अंगावरचं वंगण काढलं तर दोन सायकली चालतील.

एकटा माणूस. माझी आई रोज भिंतीवरून त्यांना दोन भाकरी आणि कोरड्यास देई. गरीब शेजाऱ्याला आपण जगवतो आहोत, असं मला वाटे. थोडा अभिमानही वाटे, खोटं कशाला बोलू?

खरं तर आमचंही काही बरं चाललं नव्हतं. वडील मार्केट यार्डात हमाल. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी माझी फी भरली गेली आणि पाणीपट्टी राहिली. आमचा नळ तोडला. "मैदानातल्या सरकारी नळावर भरते मी," आई म्हणाली. माझं कॉलेज सकाळचं. साडेसहाला घर सोडायचो, परत येईपर्यंत पिंप भरलेलं असे. भरलेल्या पिंपाला कोण काय विचारतो?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे येत, आणि आपल्याला अर्ज लिहिता येत नाही हे सांगायचा मला धीर होत नसे. आप्पांच्या अर्जाची मी चार पानं केली.

"'अर्जदार अत्यंत गरीब असून,'" मी वाचायला लागलो.

"गरीब खोड."

"आप्पा, सवलत गरिबांनाच आहे."

"मग 'सध्या हवा कमी हाय' असं लिही."

पुढे मी लिहिलं होतं, 'अर्जदार एकटे राहतात. त्यांना दिवसाला दोन हंडे पाणी पुरते.' हे ऐकताच आप्पा उठून बसले. "हंडे कशाला मोजतो? ते पयलं खोड."

मला वाटलं, म्हाताऱ्याला पुराव्याचं महत्त्व कळत नाही. मी हो म्हणालो आणि पक्क्या प्रतीत ते वाक्य तसंच ठेवलं. खाली रेघसुद्धा मारली. आप्पांना लिहिता-वाचता सहीपुरतंच येत होतं.

अर्ज घेऊन आम्ही पुन्हा खिडकीशी गेलो. क्लार्कने दाखला पाहिला, मान हलवली, मग अर्ज वाचला आणि रेघेपाशी थांबला.

"एकटा माणूस, दोन हंडे. आन् मीटर म्हणतंय घरात लगीन हाय. पाणी कुणाला देता, आप्पा? दुसऱ्या घराला पाणी दिलं तर सवलत तर न्हाईच, नळ बी जाईल."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चारही पानं गिळावीशी वाटली.

"कुणाला देतोय? मीच वापरतो," आप्पा म्हणाले. "दिवसातनं चारदा अंघोळ करतो मी."

रांगेत कुणाला तरी ठसका लागला. क्लार्कने आप्पांची मान पाहिली, कोपर पाहिलं, नखं पाहिली.

"चारदा?"

"उन्हाळा किती हाय, भाऊसाहेब."

क्लार्क माझ्याकडे वळला. "तू शेजारी ना? कॉलेजात जातो. खरं सांग, करतात का चारदा?"

मी आयुष्यात ऑफिसच्या खिडकीत खोटं बोललो नव्हतो. एवढ्यात आप्पा घाईनं मध्ये पडले, "त्याला नका विचारू, सायेब. पोरगं साडेसहालाच जातंय. सातला त्ये घरात नसतंय. त्याला ह्यातलं काय बी ठावं न्हाई."

सातला पाणी येतं.

मी रोज मैदानावरूनच कॉलेजला जात होतो. तिथल्या सरकारी नळाची तोटी केव्हाच गेली होती आणि त्याला एक शेळी बांधलेली असे. वर्षभर मी ती शेळी बघत होतो.

"हो साहेब," मी म्हणालो. "चारदा करतात. कधी कधी पाचदा."

क्लार्कने पुन्हा एकदा आप्पांची मान पाहिली. मग त्यानं पेन उचललं, 'दोन हंडे' खोडलं आणि वर लिहिलं, 'अर्जदारास अंघोळीची सवय आहे.' शिक्का मारताना तो म्हणाला, "आप्पा, आता निदान एक तरी करा. माझी नोकरी हाय."

परतताना आप्पा झपाझप पुढे चालत होते. घराजवळ आल्यावर एवढंच पुटपुटले, "म्हणं पाचदा. एवढं कुठं सांगायचं असतंय?"

दुसऱ्या दिवशी मी पहिला तास बुडवला. सातच्या सुमाराला परसात गेलो. आप्पांच्या नळापासून भिंतीवरून आमच्या पिंपात एक लांबलचक काळी नळी आली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून, एकीला एक जोडून, ठिगळं लावलेली. अलीकडे आई पिंपाशी उभी होती. भिंतीवर झाकलेल्या भाकरी होत्या. पलीकडे आप्पा एक गळका सांधा दोन्ही हातांनी दाबून उभे होते आणि त्याला शिव्या देत होते. ऑफिसात नेलेली ट्यूब कट्ट्यावर पडली होती, शेजारी पंप.

मला बघून आई दचकली. आप्पा नाही.

"कालेज न्हाई का?"

"पहिला तास नाही."

"मग बघत काय उभा ऱ्हातो? ये इकडं. हितं बोट धर."

मी भिंतीवर चढून पलीकडे उतरलो आणि बोट धरलं. पाणी माझ्या बाहीतून आत जात होतं. मोकळ्या झालेल्या हातांनी आप्पांनी एक भाकरी घेतली, तिथंच उकिडवे बसले आणि माझ्या बोटाकडे बघत खाऊ लागले.

"दाब की नीट," ते म्हणाले. "बुडबुडा निघतोय."