छत्रीवाल्याच्या मागची जागा

भांडीबाजारातल्या माझ्या दुकानाची पायरी गिऱ्हाइकानं चढली रे चढली, की समोरच्या माडीच्या सज्ज्यातून आरोळी येई, "हलू नका, राहून जाल!" बिचारं गिऱ्हाईक एक पाय वर, एक खाली असं दचकून उभं राही आणि मग हळूच शेजारच्या दुकानात सटके.

आरोळी बर्वे मास्तरांची. शाळेत ड्रॉइंग शिकवत, एकटेच राहत आणि दर रविवारी सज्ज्यात बसून खालचा बाजार रंगवत. एकच चित्र, तीन वर्षं! भाजीवाली कोंडाबाई ओरडे, "मास्तर, मेथी सुकली की वो! लय झालं आता."

"सुकू दे. चित्रात ओलीच आहे."

सत्याग्रहाच्या दिवसांत एक पोलीस गर्दी हटवायला आला, तर मास्तरांनी त्यालाच टांग्याशेजारी तासभर उभा केला. माझं तर डोकं पिकलं होतं.

एकदा लग्नाची भांडी घ्यायला आलेलं अख्खं कुटुंब असंच पळालं. मी तरातरा माडी चढलो. "मास्तर, हे चित्र पुरं तरी करा, नाहीतर गोदावरीत तरी सोडा!"

आणि चित्र पाहिलं. सगळा बाजार होता. मी होतो, कोंडाबाई होती, पोलीस होता. मधोमध छत्री घेऊन चाललेले खुद्द मास्तर. त्यांच्या मागं दोन पावलांवर मात्र नुसतं कोरं कापड.

"इथं कोण?"

"आमची ही."

वहिनींना जाऊन चार वर्षं झाली होती.

"दर रविवारी आम्ही बाजारात यायचो," मास्तर म्हणाले. "मी पुढं, ती मागं. ती कशी चालायची, मी कधी बघितलंच नाही. राहून गेली हो. शेठ, तुम्ही समोरच बसता. तुम्ही पाहिलं असेल."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"वहिनी माझ्या दुकानाशी थांबायच्या," मी म्हणालो. "पायरीवरच्या घंगाळाला टिचकी मारून नाद ऐकायच्या, हसायच्या. मग तुम्हाला गाठायला पदर सावरत पळायच्या."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग चित्रातला छत्रीवाला खरडून काढायला घेतला. वहिनी घंगाळाशी वाकलेल्या आणि छत्रीवाला मागं वळून थांबलेला, असं त्यांना आता हवं होतं.

पुढच्या रविवारी भर उन्हात, भर बाजारात, छत्री धरून आणि मान वळवून मी स्वतः उभा होतो. गिऱ्हाइकं शेजारी चालली होती. वरून आरोळी आली, "हलू नका!"

मी हललो नाही.