हंबीररावांचं सोयाबीन

पहिल्याच घासाला हंबीररावांनी तोंड वाकडं केलं.

"वाटाणं शिजलं न्हाईत व्हय गं?"

"सकाळधरनं चुलीवर हाईत. आता मी सोता जाऊन बसू काय चुलीत?" त्यांची बायको धोंडुबाई म्हणाल्या.

धोंडुबाईंचा भाऊ हुपरीहून सात माणसं घेऊन न कळवता आला होता. पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून हंबीररावांनी दोन वाट्या उसळ मुकाट्याने चावून संपवली. पाहुणे मोटारीत बसून गेल्यावर त्यांचं लक्ष खुंटीकडे गेलं.

"हितली शिवलेली पिशवी कुटं गेली?"

"धुऊन वाळत घातलीया. आवं, त्यातलंच तर वाटाणं घातलं की उसळीला!"

हंबीरराव मटकन उंबऱ्यावर बसले. ते वाटाणे नव्हतेच. ते सोयाबीन होतं. शेतकी खात्याचे नृसिंहराव गारगोटीकर यांनी मुरगूडच्या बाजारात बारा शेतकऱ्यांना या नव्या पिकाच्या एकेक पिशव्या वाटल्या होत्या, आणि "तालुक्यात पयला नंबर माझा!" असं हंबीरराव चारचौघांत छाती ठोकून बोलले होते.

"आता सायबाला काय दावू? पोट?"

"गप बसा. तीन गुंठं उडीद टाका. हिरवं दिसल्याशी कारण."

तीन आठवड्यांनी नृसिंहराव सायकलवरून आले. पिशव्या वरच्या कचेरीतूनच शिवून आल्या होत्या आणि त्यांनी तशाच वाटल्या होत्या. त्यामुळे सोयाबीन कसं दिसतं, हे त्यांनाही फक्त माहितीपत्रकातूनच ठाऊक होतं. वाफ्यात उकिडवे बसून ते एकेक ओळ वाचू लागले. "पानं तीन-तीन. आहेत. पानांवर लव. आहे. वा, हंबीरराव! उगवण झकास आहे!"

हंबीररावांना घाम फुटला. साहेब खवळले असते तर एकवेळ परवडलं असतं. शाबासकी मात्र गिळवेना.

काढणीला साहेब पुन्हा हजर झाले. काळेभोर दाणे ओंजळीत घेऊन त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. हंबीररावांनी श्वास रोखून धरला. साहेबांनी पत्रक उलटं केलं आणि आठ्या मावळल्या. "काही जाती काळ्या असतात. बरोबर!" तीन गुंठ्यांत सहा पायल्या, यावरून त्यांनी तिथल्या तिथे एकरी उतारा काढला आणि हंबीररावांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून पत्र आलं. शेतकरी मेळाव्यात पहिला नंबर हंबीररावांचा, आणि भाषणही त्यांचंच.

मेळाव्याला बाराही शेतकरी आपापलं सोयाबीन घेऊन आले होते. कुणाचं चवळीसारखं, कुणाचं घेवड्यासारखं. मुरगूडच्या आकारामचं तर हुबेहूब मटकीसारखं होतं. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. शेवटी बायडाबाई नावाच्या म्हातारीने पदर सोडला. पदरात पिवळेधमक वाटोळे दाणे होते.

"हे सोयाबीन न्हवंच!" आकाराम सगळ्यांच्या आधी ओरडला.

"म्हातारे, वाटाणं आणलंस काय?" दुसऱ्याने री ओढली.

नृसिंहरावांनी पत्रक चाळलं, मग हंबीररावांकडे पाहिलं. "तुम्ही यातले जाणकार. तुम्हीच सांगा."

म्हातारी कावरीबावरी होऊन दाणे पुन्हा पदरात भरू लागली. हंबीररावांनी तिची ती लगबग पाहिली. एक शब्द बोलले नाहीत तर नंबर, हार, भाषण, सगळं त्यांचंच होतं. ते उठून उभे राहिले.

"सायेब, म्हातारीचं खरं हाय. सोयाबीन त्येच."

"कशावरून?"

"दोन वाट्या खाल्लोय मी. माझा हाय त्यो उडीद."

मग आकाराम खाली मान घालून पुटपुटला, "आमचं म्हशीनं खाल्लं." त्यापाठोपाठ कुणाचं पोरांनी, कुणाचं पाहुण्यांनी, अशी अकरा पिशव्यांची वाट लागल्याचं बाहेर पडलं. नृसिंहरावांनी डोक्यावरची टोपी काढली, तिने वारा घेतला आणि हार बायडाबाईंच्या गळ्यात घातला.

"आजी, आम्हा सगळ्यांना सांगा, एवढ्या निगुतीने तुम्ही हे पीक कसं राखलंत?"

"राखतीया कशाला?" बायडाबाई म्हणाल्या. "मूठभर शिजवून बघितलं. मला दात न्हाईत, चावंना. वैतागून उरल्यालं परड्यात फेकून दिलं, त्ये मेलं उगवून आलं!"